काटा, पट्टी, पेमेंट : जोडलेल्या फायलींमधले दुवे कसे तपासायचे

डिसेंबरातली गोष्ट. एरंडोल तालुक्यातले एक शेतकरी जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, ऑफिसात आले, खिशातून तीन काटापावत्या काढून माझ्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, "ताई, मन्हा पैसा कथा ग्यात?" (माझे पैसे कुठे गेले?) दोन गाड्यांचे पैसे खात्यात आले होते, तिसरीचे नव्हते. ११ क्विंटल ४० किलो कापूस, त्या दिवशीच्या ७,००० रुपये भावाने ७९,८०० रुपये. मी संगणकावर त्यांची खतावणी उघडली, तर तिथे दोनच गाड्या. त्या दिवसाचा पट्टीचा, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाचा, अहवाल काढला, तर बेरीज पैशापैशाला जुळलेली. अहवाल बरोबरच होता, कारण तिसरी पावती त्यात नव्हतीच.

ती सापडली काट्याच्या फाइलीत. काट्यावरच्या मुलाने शेतकरी कोड ४५ ऐवजी ०४५ टाकला होता. कोडचा रकाना अक्षरांचा असल्यामुळे संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी माणसं. पट्टी करणारा प्रोग्राम शेतकऱ्यांच्या फाइलीत ०४५ शोधायचा, सापडला नाही की मुकाट्याने पुढच्या पावतीकडे जायचा. कुठे सूचना नाही, कुठे नोंद नाही.

त्या दिवसापासून मी दर हंगामात जोडलेल्या फायलींचे दुवे तपासते. पद्धत मी जिनिंगच्या उदाहरणाने सांगते आहे, कारण माझं काम तिथलं. पण दूध सोसायटी, खतांचं दुकान, केळीच्या वखारीचा हिशेब, पतसंस्था, कुठेही हीच पद्धत चालते. फाइल फॉक्सप्रोची असो, ॲक्सेसची, मायएसक्यूएलची किंवा नुसती एक्सेलची.

बिघाड तीन तऱ्हेचे

दुवा म्हणजे काय हे समजायला संगणकाची गरज नाही, ७/१२ पुरतो. उताऱ्यावर खातेदाराच्या नावाजवळ फेरफार क्रमांक असतो. तो घेऊन गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत गेलं की ते नाव खरेदीने लागलं, वारसाने लागलं की वाटणीने, ते कळतं. तीच जमीन ८अ मध्ये खात्यानुसार दिसते. एका कागदाने दुसऱ्या कागदाकडे बोट दाखवायचं, हा दुवा.

आता तो तीन तऱ्हांनी बिघडतो. उताऱ्यावर फेरफार क्रमांक आहे, पण नोंदवहीत त्या क्रमांकाची नोंदच नाही. किंवा उलट, फेरफार मंजूर झालेला आहे, पण उताऱ्यावर चढलेला नाही. किंवा क्रमांक आहे, नोंदही आहे, पण ती भलत्याच गटाची आहे. पहिला बिघाड सगळे तपासतात. दुसरा फार थोडे जण तपासतात. तिसरा कुणी तपासत नाही, कारण कोणताही प्रोग्राम त्याला चूक म्हणत नाही. माझं म्हणणं असं की तपासणीत सगळ्यात जास्त वेळ दुसऱ्या आणि तिसऱ्यालाच द्यायला हवा. लोकांचे पैसे तिथे अडकलेले असतात.

आधी प्रत, मग कागद

संध्याकाळी काटा बंद झाला, सगळे प्रोग्राममधून बाहेर पडले, की मगच सुरुवात करा. फाइली उघड्या असताना काढलेली प्रत अर्धवट असू शकते. फॉक्सप्रो असेल तर डीबीएफ फाइलीसोबत तिची सीडीएक्स आणि एफपीटी फाइलही उचला. एकटी डीबीएफ नेली तर इंडेक्स (नोंद पटकन शोधायची सूची) आणि मेमो रकाने (लांब मजकुराचे) मागे राहतात. सगळी तपासणी प्रतीवर करायची. चालू फाइलीला हात लावायचा नाही.

मग संगणक बाजूला ठेवून एका कोऱ्या कागदावर चौकटी काढा: गाव, शेतकरी, काटा, पट्टी, पेमेंट, बँक शाखा. प्रत्येक दुव्यासाठी बाण काढा आणि बाणावर दोन गोष्टी लिहा. हा दुवा असलाच पाहिजे, की रिकामा चालतो? आणि पलीकडे एकच नोंद जोडायची, की अनेक? आमच्याकडे प्रत्येक काटापावतीला शेतकरी असलाच पाहिजे. एका पट्टीत चार पावत्या येऊ शकतात, पण एक पावती दोन पट्ट्यांत कधीच येता कामा नये. पट्टीला पेमेंट लगेच असेलच असं नाही, कारण काही शेतकरी भाव वाढेल म्हणून पैसे उशिरा घेतात. हे नियम प्रोग्रामात लिहिलेले नसतात. काट्यावरचा मुलगा, हिशेबनीस आणि मालक या तिघांना विचारूनच ते कळतात. हा कागद नीट झाला की अर्धं काम झालं.

आणखी एक गोष्ट त्याच कागदावर लिहा: क्रमांक कधी नव्याने सुरू होतात. कापसाचा हंगाम १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर. काटापावती दर हंगामात १ पासून. पेमेंट व्हाउचर मात्र आर्थिक वर्षाप्रमाणे १ एप्रिलला १ पासून. म्हणजे काटापावती क्रमांक २१२ दर वर्षी एक असते. नुसत्या २१२ वर दुवा जोडला तर मागच्या वर्षीचा कापूस यंदाच्या शेतकऱ्याच्या नावावर जाईल. दुव्याची किल्ली हंगाम आणि क्रमांक मिळून होते, एकट्या क्रमांकाने नाही. मार्चअखेरची पट्टी आणि एप्रिलमधलं पेमेंट वेगवेगळ्या वर्षांच्या फाइलीत पडतात, त्यामुळे दोन्ही वर्षांच्या फाइली एकत्र घेतल्याशिवाय ती तपासणी करूच नका. नाहीतर शेकडो खोट्या चुका निघतील आणि खऱ्या त्यांच्यात हरवतील.

मोजदाद

प्रत्येक फाइलीच्या एकूण नोंदी, किल्लीच्या रकान्यात वेगवेगळे कोड किती, रिकाम्या नोंदी, सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा क्रमांक, वजनाची आणि रकमेची बेरीज हे सगळं वहीत लिहून ठेवा. दुरुस्ती झाल्यावर हेच आकडे पुन्हा काढायचे आहेत.

फॉक्सप्रोच्या फाइलीत इथेच एक खोच आहे. तिथे नोंद डिलीट केली की ती जात नाही, तिच्यावर फक्त खूण लागते. 'पॅक' चालवल्यावरच ती खरोखर जाते. 'सेट डिलीटेड ऑन' असेल तर खूण केलेल्या नोंदी दिसत नाहीत, 'ऑफ' असेल तर दिसतात. त्यामुळे एकाच फाइलीच्या दोन मोजण्या दोन माणसांना वेगळ्या येतात. खूण केलेल्या नोंदी वेगळ्या मोजा आणि त्यांची यादी छापून ठेवा. शेतकरी डिलीट झालेला आणि त्याच्या पावत्या जिवंत, असं प्रकरण याच यादीतून बाहेर येतं.

दुसरं म्हणजे प्रतीवर आधी 'रीइंडेक्स' चालवून घ्या. वीज जाऊन संगणक बंद पडला की इंडेक्स फाइल मागे राहते. नोंद फाइलीत असते, पण शोधली तर सापडत नाही. अशा खोट्या अनाथ नोंदी, म्हणजे ज्यांचा दुवा पलीकडे सापडत नाही त्या, रीइंडेक्सने एका फटक्यात नाहीशा होतात.

पालक फाइल शुद्ध आहे का?

ज्या फाइलीकडे बोट दाखवलं जातं तिला मी पालक म्हणते, जी बोट दाखवते ती मूल. पालक फाइलीत एक कोड दोनदा असेल तर पुढची सगळी तपासणी फोल. शेतकऱ्यांच्या फाइलीत कोड १३८ दोनदा आला आणि ती काट्याशी जोडली, तर त्याची प्रत्येक गाडी दोनदा दिसते आणि वजन दुप्पट होतं. कोडनुसार 'ग्रुप बाय' करून 'हॅविंग काउंट' एकापेक्षा जास्त, अशी क्वेरी, म्हणजे फाइलीला विचारलेला प्रश्न, चालवा. एक्सेलमध्ये 'काउंटिफ'. रिकामा कोड असलेल्या पालक नोंदीही इथेच वेचून काढा.

एक्सेलवाल्यांनी एक लक्षात ठेवा. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच नीट धरतं. १६ अंकी बँक खाते क्रमांक संख्या म्हणून टाकला तर शेवटचा अंक शून्य होतो आणि मूळ अंक परत मिळत नाही. रकाना टेक्स्ट केला तरी 'काउंटिफ' त्याला संख्या समजूनच ताडून बघतं, म्हणून पहिले १५ अंक सारखे असलेली दोन वेगळी खाती त्याला एकच वाटतात. खाते क्रमांकाच्या तपासणीत 'काउंटिफ' वापरू नका. 'सम्प्रॉडक्ट'मध्ये 'एक्झॅक्ट' घालून ताडा. आणि 'व्हीलुकअप'च्या चौथ्या जागी 'फॉल्स' लिहायला विसरू नका. ती जागा लिहिलीच नाही की एक्सेल अंदाजे जुळणारी नोंद आणून देतं, तीही अगदी खऱ्यासारखी दिसणारी.

दिसायला सारखे, आतून वेगळे

माझी ०४५ ची चूक या वर्गातली. अनाथ नोंदी शोधण्याआधी दोन्ही बाजूंचे कोड एका साच्यात आणा. पण मूळ रकाना तसाच ठेवून शेजारी नवा रकाना करा आणि त्यात साफ केलेला कोड ठेवा. उद्या कुणी विचारलं की ४५ कुठून आला, तर शेजारी ०४५ दिसला पाहिजे.

काय काय साफ करायचं? पुढच्या-मागच्या मोकळ्या जागा, पुढचे शून्य, लहान-मोठी इंग्रजी अक्षरं, इंग्रजी अक्षर ओ आणि शून्य यांची अदलाबदल. आयएफएससी कोडमध्ये ही अदलाबदल पकडणं सोपं आहे. तो ११ अक्षरांचा असतो आणि त्याचं पाचवं अक्षर नेहमी शून्यच असतं. पाचव्या जागी दुसरं काहीही असेल तर तो कोड चुकलेला.

मराठी मजकुरात आपलं दुखणं वेगळंच आहे. गावाच्या नावावर दुवा जोडलेला असेल तर अमळनेर आणि अंमळनेर, चाळीसगाव आणि चाळीसगांव, भडगाव आणि भडगांव ही संगणकासाठी सहा गावं. मराठी अंक आणि इंग्रजी अंक वेगळे. त्याहून फसवं म्हणजे 'ऱ्य' किंवा 'ऱ्ह'सारखं जोडाक्षर. ते दोन तऱ्हांनी टाइप होतं, एकात खास 'ऱ' असतो, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर तंतोतंत सारखं, आतून वेगळं. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण चालवूनही हा फरक जात नाही, तो स्वतः बदलावा लागतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: नावावर दुवा कधीच जोडू नये. गावासाठी २०११ च्या जनगणनेचा सहा अंकी गाव कोड वापरा, नाव फक्त वाचायला ठेवा.

फॉक्सप्रोत उलट चूकही होते, न जुळणारं जुळतं. 'सेट एक्झॅक्ट ऑफ' असताना कडेच्या मोकळ्या जागा काढून १२ शोधला तर १२० लाही तो जुळला असं म्हणतो, कारण सुरुवात सारखी आहे. तपासणीच्या वेळी हे 'ऑन' करून घ्या.

अनाथ मुलं शोधणं

आता मुख्य क्वेरी. काट्याची फाइल डावीकडे, शेतकरी उजवीकडे, दोन्ही साफ केलेल्या कोडवर 'लेफ्ट जॉइन' (डावीकडच्या सगळ्या नोंदी राहतात, उजवीकडची जुळली तरच लागते), आणि अट अशी की उजवीकडचा कोड 'नल', म्हणजे रिकामा, असावा. जे उरतं त्या अनाथ पावत्या. ॲक्सेसमध्ये 'फाइंड अनमॅच्ड क्वेरी विझार्ड' हेच काम करून देतो. फॉक्सप्रोत 'सेट रिलेशन' लावून पलीकडची फाइल 'इओएफ'वर, म्हणजे शेवटाच्या पलीकडे, गेली का हे पाहतात.

ज्यांचा कोड रिकामा आहे आणि ज्यांचा कोड भरलेला पण चुकीचा आहे, त्या दोन याद्या वेगळ्या ठेवा. रिकामा म्हणजे कुणी भरलाच नाही. चुकीचा म्हणजे कुणीतरी भरला आणि त्या कोडमागे एक खरा माणूस आहे.

कागदावरच्या प्रत्येक बाणासाठी ही क्वेरी एकदा चालवायची. यावर आणखी सांगण्यासारखं काही नाही.

उलट दिशा

आता तीच क्वेरी फिरवा. काटा डावीकडे, पट्टी उजवीकडे. ज्या पावतीची पट्टी झालीच नाही ती दाखव. मग पट्टी डावीकडे, पेमेंट उजवीकडे. माझे शेतकरी दादा या यादीत पहिल्याच दिवशी दिसले असते.

ही क्वेरी 'नॉट इन' वापरून लिहू नका. पट्टीच्या फाइलीत काटा क्रमांकाच्या रकान्यात एकही 'नल' असेल तर 'नॉट इन' एकही नोंद परत देत नाही. पडदा कोरा येतो आणि माणूस समजतो की सगळं जुळलं. 'नॉट एक्झिस्ट्स' किंवा 'लेफ्ट जॉइन' वापरा. आणि कोरा निकाल आला की त्यावर विश्वास टाकण्याआधी प्रतीत मुद्दाम एक चुकीची नोंद घालून पाहा. क्वेरीने ती पकडली तरच क्वेरी खरी.

इथे निघालेली प्रत्येक नोंद चूक नसते. कालची पावती, आज पट्टी होणार आहे. पैसे मागे ठेवलेले शेतकरी आहेत. म्हणून यादीला वय लावा: काट्याची तारीख आणि आजची तारीख यांतलं अंतर. आमच्याकडे तीन दिवसांहून जुनी पट्टी न झालेली पावती म्हणजे लगेच चौकशी. तुमच्याकडे किती दिवस, ते तुमच्या कामाच्या चालीवर ठरवा.

दुवा आहे, पण भलत्याकडे

हा भाग अवघड आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा. कोड ४५ च्या जागी ५४ टाकला आणि ५४ कोडचा शेतकरी खरोखर आहे, तर वरच्या सगळ्या क्वेऱ्या त्याला पास करतात. कापूस एकाचा, पैसे दुसऱ्याचे. अशी चूक पकडायला दुव्याच्या दोन्ही टोकांना असलेली दुसरी माहिती ताडून पाहावी लागते.

पहिली ताडणी नावाची. काट्यावर पावती लिहिताना नाव आणि गावही लिहिलेलं असतं. ते कोडवरून येणाऱ्या नावाशी शेजारीशेजारी छापा. आडनाव आणि गाव दोन्ही वेगळे असतील तर नोंद हाती घ्या. खेडा खरेदीत इथे घोळ फार होतो. व्यापारी दहा घरांचा कापूस एकाच गाडीत आणतो आणि पावती एकाच्या नावावर फाटते.

दुसरी ताडणी तारखांची. काटा आधी, पट्टी नंतर, पेमेंट त्याच्या नंतर. क्रम उलटा दिसला तर बहुतेक वेळा दुवा मागच्या हंगामातल्या त्याच क्रमांकाला लागलेला असतो.

तिसरी वजनाची. पट्टीवरचं वजन तिच्या सगळ्या काटापावत्यांच्या निव्वळ वजनाच्या बेरजेइतकं हवं. कटती, म्हणजे वजनातली कपात, वेगळ्या रकान्यात असेल तर ती धरून. मग हंगामाच्या पातळीवर एक ढोबळ पडताळा: क्विंटलभर कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते आणि गाठ १७० किलोची. म्हणजे गाठीमागे सुमारे पाच क्विंटल कापूस, १,००० क्विंटलला २०० च्या आसपास गाठी. गाठी त्याहून बऱ्याच जास्त निघत असतील तर काट्याच्या काही पावत्या फाइलीत पोहोचलेल्याच नाहीत, असा संशय घ्यायला हवा. हे कोणत्याही क्वेरीत दिसत नाही. त्यासाठी गोदामात जाऊन गाठी मोजाव्या लागतात.

एक सावधगिरी. जुना दुवा आणि चुकीचा दुवा एक नव्हे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. त्याआधीच्या नोंदीत शहाद्याचा जिल्हा धुळे असेल तर ती नोंद तेव्हा बरोबरच होती. देना बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात विलीन झाली, म्हणून तिच्या शाखेवर केलेली जुनी पेमेंटं चूक ठरत नाहीत. पालक फाइलीतून अशा नोंदी काढून टाकू नका. 'कधीपासून' आणि 'कधीपर्यंत' असे दोन रकाने वाढवा. काढून टाकल्या तर वर्षानुवर्षांच्या मुलांना एका रात्रीत अनाथ कराल.

दुरुस्ती

अनाथ नोंद डिलीट करायची नाही, हा माझा पक्का नियम. ती नोंद म्हणजे कुणाचा तरी कापूस काट्यावर चढला होता याचा पुरावा आहे. मूळ पावतीपुस्तक काढा, कार्बनची प्रत पाहा, गाडी नंबर पाहा, गरज पडली तर शेतकऱ्याला फोन करा. कोड त्यानंतरच बदला. 'बहुतेक ४५ असेल' म्हणून बदललेला कोड पहिल्या जातीच्या चुकीला तिसऱ्या जातीत ढकलतो, आणि तिथून ती परत सापडणं कठीण.

प्रत्येक बदलासाठी एका वेगळ्या फाइलीत ओळ लिहा: फाइल, नोंद क्रमांक, रकान्यात आधी काय होतं, आता काय आहे, कशावरून, कुणी, कधी. ज्यांचा छडा लागत नाही त्यांना 'तपास चालू' अशा एका खास शेतकरी कोडवर ठेवा. सस्पेन्स खात्यात रक्कम ठेवतात तसंच हे. त्या कोडचं पेमेंट प्रोग्रामने अडवलं पाहिजे. शेवटी वहीतली मोजदाद पुन्हा काढा. काट्याच्या नोंदींची संख्या आणि वजन सुरुवातीइतकंच आलं पाहिजे, एक किलोही इकडे-तिकडे नको.

कुलूप

साफ झालेल्या फाइलीला 'फॉरेन की' लावा, म्हणजे नसलेला कोड आतच येणार नाही. ॲक्सेसमध्ये दोन तक्ते जोडताना 'एन्फोर्स रेफरेन्शियल इंटिग्रिटी'वर खूण करा. एकही अनाथ उरलेला असेल तर ॲक्सेस ती खूण करू देत नाही, ही त्याची चांगली गोष्ट. मायएसक्यूएलमध्ये तक्ता 'मायआयसॅम' जातीचा असेल तर फॉरेन की लिहिली तरी ती पाळली जात नाही. 'इनोडीबी' हवं. मोठी फाइल भरताना 'फॉरेन की चेक्स' शून्य करतात. ते पुन्हा एक केल्यावर मधल्या काळात शिरलेल्या नोंदी मायएसक्यूएल मागे जाऊन तपासत नाही, ते आपल्यालाच करावं लागतं. एसक्यूलाइटमध्ये ही तपासणी सहसा मुळात बंद असते आणि प्रत्येक जोडणीत नव्याने सुरू करावी लागते. जुन्या चुका 'प्राग्मा फॉरेन की चेक' दाखवतो. पोस्टग्रेस सोयीचं आहे. तिथे बंधन आधी 'नॉट व्हॅलिड' म्हणून लावता येतं, म्हणजे नव्या नोंदींना लगेच लागू होतं, आणि जुन्या साफ झाल्या की 'व्हॅलिडेट' करायचं.

'कॅस्केड डिलीट' हिशेबाच्या फाइलींना लावू नका. एक शेतकरी चुकून काढला तर त्याच्या पावत्या, पट्ट्या, पेमेंट सगळं त्याच्याबरोबर जाईल.

फॉरेन की फक्त पहिला बिघाड थांबवते. उरलेल्या दोघांसाठी मी रोज रात्री काटा बंद झाल्यावर तीन याद्या छापते: पट्टी न झालेल्या जुन्या पावत्या, नाव न जुळणाऱ्या नोंदी, वजन न जुळणाऱ्या पट्ट्या. सकाळी काटा उघडण्याआधी त्या याद्या काट्यावरच्या मुलाच्या हातात असतात. चूक कालची असते, गाडी कुणाची होती हे त्याला आठवत असतं, आणि पुष्कळदा शेतकरी अजून फाटकाबाहेर दुसऱ्या गाडीच्या रांगेतच उभा असतो.